गिअर शाफ्ट थंड दाबून काढताना : शिरोलीतल्या एका छोट्या युनिटचा अनुभव

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस आमच्या गिअर शाफ्टच्या पीपॅपवर, म्हणजे नियमित उत्पादनाआधी ग्राहक देतो त्या मंजुरीवर, ग्राहकाची सही झाली. एन्क्वायरी आली होती फेब्रुवारी २०२३ मध्ये. या दीड वर्षात तांत्रिक पुस्तकं पुष्कळ चाळली, पण माल ॲनीलिंगला (तापवून मऊ करायला) कुठे पाठवायचा, चलनावर काय लिहायचं, डायला (साच्याला) तडा गेला की पार्टीला काय कळवायचं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आपल्या भागात टर्निंग-हॉबिंग (लेथवर आकार आणि मशिनवर गिअरचे दात कापणं) करणारी शेकडो युनिट्स आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आज ना उद्या हाच प्रश्न पडणार आहे : पार्ट कापण्याऐवजी थंड दाबून कसा काढायचा. त्यांच्यासाठी सगळं क्रमानं लिहून ठेवते.

आमचं युनिट कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत, नागाव फाट्याकडच्या बाजूला. आबांनी उद्यमनगरात एका लेथवर सुरुवात केली होती. आता काही सीएनसी आणि दोन हॉबिंग मशिनं आहेत. पॉवर वीडरच्या (तण काढायच्या यंत्राच्या) गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आम्ही बरीच वर्षं बारमधून कापून देत होतो. शाफ्टवरच ११ दातांचा पिनियन (छोटा गिअर), मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) २, दाताच्या मागे एक कॉलर (जाड कडं) आणि पुढे ६२०३ बेअरिंग बसणारी १७ मिमीची शेपटी. ३० मिमीच्या बारमधून एका शाफ्टला सुमारे ७७० ग्रॅम स्टील लागायचं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त चिप होऊन भंगारात जायचं. ग्राहकानं वर्षाला साठ हजारांच्या आसपास शाफ्टचा अंदाज दिला आणि सोबत असा दर मागितला की बारमधून कापून तो निघणं शक्यच नव्हतं. त्यांच्या खरेदी विभागातले साहेब फोनवर म्हणाले, "मॅडम, कोल्ड फोर्जिंगचं बघा, नाहीतर हा पार्ट दुसरीकडे जाईल."

कोल्ड फोर्जिंग म्हणजे स्टील न तापवता, खोलीच्या तापमानालाच डायमध्ये दाबून आकार देणं. चकलीच्या सोऱ्यात चांदणीची ताटली बसवून पीठ दाबलं की चकलीला कडा येतात, तसेच दाताच्या आकाराच्या डायमधून शाफ्ट दाबला की दात उमटतात. हॉबिंगमध्ये स्टीलचे तंतू कापले जातात, इथे ते दाताच्या कडेनं वळतात. हे वाचायला सोपं वाटलं. पण बारचं स्टील म्हणजे पीठ नव्हे, आणि त्याला पिठासारखं वागायला लावण्यातच सगळं डिझाइन आहे, हे पुढे कळत गेलं.

मार्च २०२३. पहिलं काम ड्रॉइंग नव्यानं वाचणं. हे ड्रॉइंग हॉबिंग गृहीत धरून काढलेलं होतं. मटेरिअल होतं २०एमएनसीआरएस५, म्हणजे मँगनीज-क्रोमियमचं गिअर स्टील. त्यातल्या 'एस'मुळे स्टीलमध्ये ०.०२ ते ०.०४ टक्के सल्फर असतं. कापायला ते चांगलं, चिप मोडते. थंड दाबताना मात्र तेच सल्फाइडचे लांबट कण चिरा पडायला निमित्त होतात. मला कमी सल्फरचं, ॲल्युमिनियम किल्ड (ॲल्युमिनियम घालून ऑक्सिजन काढलेलं) २०एमएनसीआर५ हवं होतं. दुसरी अडचण कॉलरची. डायच्या तोंडाशी उतार असतो, त्यामुळे कॉलरच्या अलीकडे काही मिमी दात अर्धवट राहणारच, आणि ड्रॉइंगमध्ये त्याला परवानगी नव्हती. तिसरी अडचण दाताच्या अचूकतेची. ड्रॉइंगवर डिन क्लास ८ होता (जर्मन मानकातला दर्जा, आकडा वाढला की अचूकता कमी). एक्स्ट्रूजनने (डायमधून दाबून) थेट काढलेल्या दाताला क्लास ९ धरणं शहाणपणाचं.

या तिन्ही गोष्टींचं डिव्हिएशन, म्हणजे ड्रॉइंगपेक्षा वेगळं करायची परवानगी, लेखी मागितलं. उत्तर यायला जवळपास दोन महिने गेले, कारण कागद खरेदी, डिझाइन, क्वालिटी आणि परत खरेदी असा फिरत राहिला. मटेरिअल आणि कॉलरजवळचे अर्धवट दात मान्य झाले. क्लास ९ ला त्यांनी अट घातली की हीट ट्रीटमेंटनंतर गिअरबॉक्सवर आवाजाची चाचणी पास व्हायला हवी. माझा सल्ला असा की हे सगळं डायची ऑर्डर देण्याआधी आणि एकाच पत्रात मागा. फोनवर मिळालेला होकार पीपॅपच्या फाइलमध्ये लावता येत नाही.

मग प्रत्यक्ष डिझाइन. ते तयार शाफ्टपासून सुरू करून मागे मागे यायचं आणि शेवटी कापायच्या तुकड्यावर थांबायचं. २० अंश प्रेशर अँगलला (दाताच्या बाजूच्या कलाला) १७ पेक्षा कमी दात असले की मुळाशी अंडरकट येतो, म्हणजे दात मुळाशी पोखरला जातो, म्हणून ११ दातांना प्रोफाइल शिफ्ट द्यावीच लागते, म्हणजे दाताचा आकार बाहेर सरकवावा लागतो. आमच्याकडे ती ०.४ होती. त्यावरून दाताचा बाहेरचा व्यास २७.६ मिमी आणि मुळाचा १८.६ मिमी येतो. शेपटी दाताच्या डायमधून आधी पार व्हायची आहे, म्हणजे ती १८.६ पेक्षा बारीकच हवी. ती मी १८.३ धरली. नंतर टर्निंग आणि ग्राइंडिंग करून १७ ला आणायला पुरेसा माल उरतो.

डोक्याचा, म्हणजे कॉलरच्या बाजूच्या जाड भागाचा, व्यास २७.९ मिमी. तिथून १८.३ ला यायचं म्हणजे क्षेत्रफळात ५७ टक्के घट. बंद कंटेनरमध्ये (मालाला सगळ्या बाजूंनी आधार देणाऱ्या नळीत) एका ठोक्यात सत्तर टक्क्यांपर्यंत जाता येतं असा ढोबळ नियम आहे, पण डायचं आयुष्य बघता दोन टप्पे केले. पहिल्यात २७.९ वरून २२, म्हणजे ३८ टक्के. दुसऱ्यात २२ वरून १८.३, म्हणजे ३१ टक्के. तिसरा टप्पा दातांचा. दातांच्या भागाचं क्षेत्रफळ साधारण ४२० चौरस मिमी येतं आणि डोक्याचं ६११, म्हणजे इथेही ३१ टक्के घट.

इथे एका हिशेबावर मी जास्त वेळ बसले, आणि तो इथे मांडते कारण पुढची सगळी टूलिंगची रचना त्याच्यावर ठरली. लागणारा जोर म्हणजे क्षेत्रफळ गुणिले सरासरी फ्लो स्ट्रेस (मालाचा आकार बदलत राहायला लागणारा ताण) गुणिले लॉग स्ट्रेन (आकार किती बदलला त्याचं माप), भागिले कार्यक्षमता. स्ट्रेन म्हणजे ६११ भागिले ४२० चा नैसर्गिक लॉग, तो ०.३७५. आमच्या मालाचा सरासरी फ्लो स्ट्रेस त्या स्ट्रेनपर्यंत ५८२ मेगापास्कल निघाला. कार्यक्षमता ०.६ धरली. उत्तर सव्वादोन लाख न्यूटनच्या आत, म्हणजे साधारण साडेबावीस टन. टनाचा आकडा छोटाच आहे. खरा मुद्दा दाबाचा. तो जोर ६११ चौरस मिमीवर वाटला तर ३६४ मेगापास्कल येतात, आणि ॲनील केलेलं हे स्टील त्याच्या आधीच दबायला लागतं. म्हणजे वरून आधार नसेल तर दात उमटायच्या आधी कॉलर फुगणार. उघड्या (कंटेनरशिवायच्या) एक्स्ट्रूजनची मर्यादा २५ ते ३० टक्के का सांगतात ते या एका भागाकारात दिसलं. म्हणून दाताच्या डायच्या वर पूर्ण उंचीचा कंटेनर घेतला.

फ्लो स्ट्रेस पुस्तकातून उचलला नाही. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये आमच्याच बारमधून काढलेल्या सिलिंडरांवर कॉम्प्रेशन टेस्ट करून घेतली. फी काही हजारांत आणि वर १८ टक्के जीएसटी. विभागप्रमुखांच्या नावे लेटरहेडवर अर्ज लागतो. मे महिना परीक्षांचा असल्यामुळे महिनाभर थांबावं लागलं, तेव्हा अर्ज मार्चमध्येच टाका.

सिम्युलेशनसाठी (दाबण्याची संगणकावर नक्कल करून बघायला) डिफॉर्म, सिमुफॅक्ट, क्यूफॉर्म अशी सॉफ्टवेअर आहेत, पण एका पार्टसाठी लायसन्स परवडत नाही. एका सल्लागाराकडून काम करून घेतलं, पंचावन्न हजार रुपये लागले. त्यातून सगळ्यात उपयोगी पडली ती दुसऱ्या टप्प्याची डाय. पहिल्या टप्प्यात कडक झालेला माल कमी घटीनं आणि मोठ्या कोनाच्या डायमधून काढला तर मध्यभागी ताण येतो आणि आत बाणाच्या टोकासारख्या चिरा पडतात. बाहेरून शाफ्ट चकचकीत दिसतो, आत पोकळ. कोन कमी केला की मधला ताण उतरतो, पण घर्षणाची लांबी वाढते. तीन कोन चालवून बघितले आणि एकूण २४ अंशांवर थांबलो. तरीही प्रत्येक लॉटमधले काही शाफ्ट अल्ट्रासॉनिकला लावायचे आणि एक उभा चिरून बघायचा, हे कंट्रोल प्लॅनमध्ये (तपासण्यांच्या आराखड्यात) घातलं. ते आजही चालू आहे.

तुकड्याचं माप ठरलं २७.८ मिमी व्यास, ७५ मिमीच्या आसपास लांबी, वजन साधारण ३५७ ग्रॅम. ७७० वरून ३५७. तो आकडा आबांना दाखवला तेव्हा त्यांनी कॅल्क्युलेटर मागून घेतला आणि स्वतः पुन्हा गुणाकार केला. मग चष्मा काढून म्हणाले, "होऊ दे."

पावसाळा सुरू झाला तेव्हा बार आले. आता ॲनीलिंग. इथलं काम ज्यांनी पूर्वी केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, नेहमीचं ॲनीलिंग पुरत नाही, स्फेरोडायझिंग लागतं. स्टीलमधला कार्बाइड पट्ट्यांच्या रूपात असतो, तो गोल कणांत आणायचा. ७४०-७६० अंशांच्या आसपास धरून मग अगदी हळू थंड करायचं. भट्टी जवळपास दिवसभर अडकते, म्हणून तेव्हा दर किलोला बारा-तेरा रुपये पडला आणि छोट्या लॉटला कोणी पटकन हो म्हणत नाही. आम्ही सीमेपलीकडे बेळगावला पाठवलं. लक्षात ठेवा, जॉबवर्कचा माल दुसऱ्या राज्यात जात असेल तर किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल लागतंच. कागल ओलांडलं की कर्नाटक आहे, हे आपण रोजच्या येण्याजाण्यात विसरतो. चलनावर जॉबवर्कसाठी असं स्पष्ट लिहा. माल वर्षाच्या आत परत आल्याची नोंद ठेवा, आणि आयटीसी-०४ मध्ये (जॉबवर्कच्या जीएसटी विवरणपत्रात) तीच चलनं येतात की नाही ते अकाउंटंटकडून तपासून घ्या.

मधल्या काळात डायचं काम. ट्रायलसाठी इन्सर्ट (डायचा आतला, आकार देणारा भाग) पावडर हायस्पीड स्टीलचे केले, कार्बाइडचे (टंगस्टन कार्बाइडचे) नंतर. स्टीलचा तिन्ही टप्प्यांचा सेट पावणेदोन लाखांच्या आसपास पडला. कार्बाइडला सव्वाचार लाख मोजावे लागले, म्हणून भूमिती पक्की होईपर्यंत कार्बाइडला हात लावू नका. इन्सर्ट बाहेरच्या रिंगमध्ये गरम करून आवळून बसवतात. अर्धा टक्का इंटरफिअरन्स (रिंगच्या भोकापेक्षा इन्सर्ट जेवढा मोठा ती तफावत) धरला तर ५० मिमीच्या इन्सर्टला पाव मिमी होते. या आवळण्यानं आतली पोकळी आक्रसते, म्हणून दातांचा वायरकट (तारेच्या ठिणग्यांनी कापणं) रिंग बसवल्यानंतरच करायचा, आधी नाही. शेवटचे हलके पास घ्यायलाच हवेत. वायरकटनं पृष्ठभागावर जो पांढरा कडक थर राहतो तो डायमंड पेस्टनं काढावा लागतो. उद्यमनगरातल्या टूलरूममधले मिस्त्री मामा हे काम लाकडी काडीला पेस्ट लावून एकेका दातात करत होते. ११ दात, प्रत्येकाच्या दोन बाजू आणि मुळं, संध्याकाळपर्यंत मान वर नाही. टॉर्च तिरपी धरून दातात बघायचे आणि जिथे किंचित धूसर दिसेल तिथे परत काडी.

डायमधला दात आणि ड्रॉइंगमधला दात एकच नसतो. दाबताना डाय फुगते, शाफ्ट बाहेर आला की किंचित पसरतो, पुढे कार्बुरायझिंगमध्ये (पृष्ठभागात कार्बन मुरवून कडक करताना) परत बदलतो. हे सगळं दहा-वीस-तीस मायक्रॉनचं प्रकरण आहे, पण क्लास ९ मध्ये तेवढंच हातात असतं. पहिल्या सेटला सिम्युलेशनच्या अंदाजाची दुरुस्ती दिली आणि खरी दुरुस्ती ट्रायलच्या मापांवरून करायची असं आधीच ठरवलं. बजेटमध्ये दाताच्या डायचा दुसरा इन्सर्ट पहिल्यापासून धरा.

फॉस्फेटिंगबद्दल थोडं सविस्तर. स्टील आणि डायमध्ये साधं तेल टिकत नाही. तुकड्यावर झिंक फॉस्फेटचा थर चढवतात आणि त्यावर सोडियम स्टिअरेटचा सोप (साबण). दोन्हीची प्रक्रिया होऊन जो चिकट निसरडा थर तयार होतो तोच दाताच्या कोपऱ्यात टिकतो. १९३० च्या दशकात जर्मनीत हा मार्ग निघाला आणि त्यानंतरच स्टीलचं कोल्ड एक्स्ट्रूजन खऱ्या अर्थानं शक्य झालं. क्रम असा : डीग्रीजिंग (तेलकटपणा काढणं), पाणी, ॲसिड पिकलिंग (गंज आणि पापुद्रा काढणं), पाणी, ७०-८० अंशांना फॉस्फेट, पाणी, न्यूट्रल करणं, गरम सोप, आणि मग कोरडं.

हे घरात करावं असा विचार होता. माहिती काढली तर फॉस्फेटिंग आणि पिकलिंग प्रदूषण मंडळाच्या लाल वर्गात येतं. उभारणीची आणि चालवण्याची अशा दोन्ही संमती लागतात, सांडपाण्याची प्रक्रिया स्वतःची हवी. फॉस्फेटचा गाळ २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा, तो ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि पाठवताना मॅनिफेस्ट (वाहतुकीचं नोंदपत्र) भरावं लागतं. पंचगंगेची अवस्था आपण रोज बघतो. एका पार्टसाठी अशी लाइन टाकायला माझं मन तयार झालं नाही. पुण्याकडच्या एका परवानाधारक जॉबवाल्याकडे काम दिलं, किलोला दहा-अकरा रुपये आणि वाहतूक वेगळी. थर किती चढला हे वजनावरून तपासता येतं : तुकड्याचं वजन, थर उतरवून परत वजन, फरक भागिले पृष्ठभाग. चौरस मीटरला १० ग्रॅमच्या आसपास आम्हाला चांगलं चाललं. आपल्याकडच्या पावसात सोप ओल धरतो, म्हणून आलेला माल प्लास्टिकमध्ये बंद ठेवा आणि लवकर वापरा.

ट्रायल दिवाळीनंतर, नोव्हेंबर २०२३ मध्ये. गोकुळ शिरगावातल्या एकांकडे २५० टनी हायड्रॉलिक प्रेस शिफ्टवर भाड्यानं मिळाला, नऊ हजार रुपये शिफ्ट. पहिले दोन टप्पे सुरळीत गेले. शेपटी सरळ, चकचकीत. ऑपरेटरनं पहिला शाफ्ट हातात दिला तेव्हा तो गरम होता. थंड फोर्जिंग म्हणतात खरं, पण दाबण्याचं काम उष्णता होऊन बाहेर येतं, हातमोज्याशिवाय धरू नका.

तिसऱ्या टप्प्याला गडबड झाली. प्रेस अडखळला, जोर हिशेबापेक्षा खूप वर गेला आणि दात आले ते ओरखड्यांचे. मला वाटलं डायचा उतार बदलावा लागणार. मिस्त्री मामा सोबत आले होते. त्यांनी न दाबलेला एक तुकडा उचलला, कडेचा सोप पुसला आणि त्यावर कानस ओढली. मग दुसऱ्या पेटीतल्या तुकड्यावर ओढली. "ताई, डायला काय झाल्यालं न्हाई. ह्या पेटीतला माल कडक हाय, कानस घसरतीया बगा." हार्डनेस लावला तर एका पेटीत १४५ बीएचएन (ब्रिनेल हार्डनेस), दुसरीत १७० च्या जवळ. मायक्रोस्कोपखाली कडक तुकड्यांत पर्लाइटच्या, म्हणजे त्या कार्बाइडच्या, पट्ट्या तशाच होत्या. सर्टिफिकेटवर मात्र सगळ्या लॉटला एकच आकडा. भट्टीत ढिगाच्या मधोमध असलेल्या पेटीला पुरेसा वेळ मिळाला नव्हता. लॉट परत गेला, वाद झाला, दुसऱ्यांदा ॲनीलिंग झालं, पण फॉस्फेटचे पैसे आमचे गेले. तेव्हापासून ऑर्डरवरच लिहितो : ढिगाच्या कडेचा आणि मधला, दोन्ही नमुने, हार्डनेससोबत मायक्रोस्ट्रक्चरचा फोटो. फोटो आल्याशिवाय माल फॉस्फेटला जात नाही.

या विषयाबद्दल माझं जे मत झालं ते इथेच पक्कं झालं. सगळे डायबद्दल बोलतात, सल्लागार, टूलरूम, ग्राहक, सगळे. पण प्रक्रिया उभी राहते ती मऊ मालावर आणि त्याच्या अंगावरच्या सोपवर. ते दोन जमले नाहीत तर उत्तमातली उत्तम डायही काही करू शकत नाही.

मऊ माल आल्यावर जोर सत्तावीस-अठ्ठावीस टनांवर स्थिर झाला. दातांतल्या घर्षणामुळे तो हिशेबापेक्षा थोडा जास्त, पण मानण्यासारखा. आता खरी मापं घेता आली. दाताचा शेंडा या भूमितीत जेमतेम ०.६५ मिमी रुंद आहे आणि तो पूर्ण भरत नव्हता. शेंड्याकडे गोलाई राहत होती, पण ती मेशिंगच्या (समोरच्या दाताला टेकणाऱ्या भागाच्या) बाहेर असल्यानं ग्राहकानं मान्य केली. शेपटीकडचे पहिले दोन-तीन मिमी दात अपुरे येतात, कारण सुरुवातीला माल डायमध्ये पुरता बसलेला नसतो. तेवढी लांबी जास्त धरून टर्निंगला काढतो. दाताचा लीड (लांबीतली दिशा) मात्र तिरका येत होता. डायमध्ये दात घडवणारी पट्टी फक्त चार मिमीची असते, त्याखाली मोकळीक, त्यामुळे शाफ्ट बाहेर पडताना किंचित डोलतो. पट्टीखाली शेपटीला घट्ट गाइड दिला, लीड सुधारला आणि शेपटी-दातांचा रनआउटही (फिरताना दिसणारा हेलकावा) मर्यादेत आला.

जानेवारी २०२४ मध्ये दाताच्या इन्सर्टला तडा गेला, अगदी पोकळीच्या एका कोपऱ्यापासून. कोपऱ्याची त्रिज्या वाढवली, इंटरफिअरन्स थोडी वाढवली आणि मापांवरून काढलेली प्रोफाइलची दुरुस्ती घालून पुढचा इन्सर्ट थेट कार्बाइडचा केला. कार्बाइडचा ब्लँक यायला पाच-सहा आठवडे धरा.

त्याच सुमारास प्रेसचं कर्ज. भाड्याच्या प्रेसवर साठ हजार शाफ्ट निघणार नव्हते. जुना नकल जॉइंट प्रेस बघितला. बँकेला उद्यम प्रमाणपत्र, तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटी रिटर्न लागले, आणि मशीन जुनं असल्यामुळे किंमत आणि उरलेलं आयुष्य यांचं चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्रही. हे शेवटचं आधी कोणी सांगत नाही आणि त्याच्यावरच फाइल अडते. साधारण दोन महिने लागले. प्रेसचं फाउंडेशन आणि महावितरणकडे वाढीव लोडचा अर्ज एकाच वेळी सुरू करा, एकामागून एक केलं तर उन्हाळा जातो. त्या दिवसांत रात्री झोप लागत नव्हती. हप्ता सुरू झालेला आणि पीपॅपचा पत्ता नाही, ही अवस्था फार वाईट असते.

जूनमध्ये कार्बुरायझिंग झालेले शाफ्ट ग्राहकाच्या लॅबला गेले. वरची हार्डनेस ५८ ते ६२ एचआरसीमध्ये (रॉकवेल मापात), केस डेप्थ (कडक थराची खोली) बरोबर. पण त्यांच्या मेटलर्जिस्टनी ग्रेन साइज (स्टीलमधल्या कणांचं माप) मागितली आणि शेपटीच्या भागात बारीक कणांमध्ये मध्येच मोठाले कण दिसले. थंड दाबलेलं स्टील थेट ९२० अंशांना तासन् तास ठेवलं तर काही कण असे वाढतात. त्यानं थकवा सहन करण्याची ताकद घटते आणि हीट ट्रीटमेंटमध्ये शाफ्ट वेडावाकडा होतो. उपाय म्हणजे फोर्जिंगनंतर, कार्बुरायझिंगच्या आधी, संरक्षक वातावरणात नॉर्मलायझिंग (कण एकसारखे करायला तापवून थंड करणं). शाफ्टमागे खर्च वाढला, दातांची मापं किंचित हलली आणि ओव्हर-पिन मापाची (दातांच्या खाचांत पिना ठेवून घेतलेल्या मापाची) मर्यादा पुन्हा बसवावी लागली. नवीन नमुन्यांत कण एकसारखे आले. तुमचा पार्ट कोल्ड फोर्जिंगनंतर कार्बुराइझ होणार असेल तर हा टप्पा दर देतानाच धरा.

पीपॅपसाठी सलग तीनशे नगांचा रन लागतो. तो जुलै २०२४ मध्ये ठरला आणि पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ हायवे बंद पडलेला आम्ही बघितला होता, म्हणून फॉस्फेट केलेला माल पाऊस वाढायच्या आधीच आणून वरच्या मजल्यावर ठेवला होता. रन पार पडला. लेव्हल ३ ची (कागदपत्रांच्या पूर्ण संचाची) फाइल म्हणजे पीएफएमईए (प्रक्रियेत काय बिघडू शकतं याचा तक्ता), कंट्रोल प्लॅन, मोजमापांच्या उपकरणांचा अभ्यास, स्टीलचं ३.१ (उत्पादकाचं तपासणी) प्रमाणपत्र, डिव्हिएशनची पत्रं, हीट ट्रीटमेंटचे आलेख. दोनदा परत आली, एकदा फक्त डिव्हिएशनच्या पत्रावर ड्रॉइंगचा जुना रिव्हिजन नंबर होता म्हणून. आवाजाची चाचणी पास झाली त्या दिवशी आबांनी सगळ्या शॉपला मिसळ दिली.

सध्या पहिला कार्बाइड इन्सर्ट तीस हजारांच्या पुढे गेला आहे आणि दुसरा कपाटात तयार ठेवला आहे. दर शिफ्टला पहिला, मधला आणि शेवटचा शाफ्ट ओव्हर-पिन मापतो. हे माप हळूहळू वाढत जातं, कारण डायची पट्टी झिजते, आणि किती वाढलं की इन्सर्ट उतरवायचा तो आकडा प्रेसवर खडूनं लिहिलेला आहे. हेलिकल (तिरप्या) दातांच्या शाफ्टची एन्क्वायरी आली आहे. त्यात शाफ्ट बाहेर काढताना तो फिरत बाहेर येईल अशी इजेक्टरची रचना लागते. त्या ड्रॉइंगवर डिव्हिएशनचं पत्र या वेळी पहिल्याच आठवड्यात पाठवलं आहे.